तीनचाकीतला बेव्हल ड्राइव्ह: स्ट्रेट, स्पायरल, की मुळात नकोच?

हडपसरचा_हेलिकल
इलेक्ट्रिक मालवाहू तीनचाकीचा गिअरबॉक्स कागदावर आहे. बॅटरीच्या जागेमुळे मोटर गाडीच्या लांबीत बसते, म्हणजे कुठेतरी ९० अंशांचं वळण आलंच, ते देणार बेव्हल, म्हणजे शंकूच्या आकाराचे गिअर. पहिली पायरी हेलिकल (तिरप्या दातांची) २५:६१, दुसरी बेव्हल १०:४१, एकूण गुणोत्तर साधारण १०. भरलेली गाडी ९०० किलो, टायर ४.००-८, हाउसिंग अॅल्युमिनियम डायकास्ट. रिव्हर्सला वेगळा गिअर नाही, मोटरच उलटी फिरणार.

प्रश्न तीन. स्ट्रेट (सरळ दातांचा) बेव्हल स्पायरलपेक्षा (वक्र, तिरप्या दातांचा) स्वस्त पडतो, तो चालेल का? हायपॉइडचा काही फायदा? आणि तीनचाकीत क्राऊन-पिनियन (बेव्हलचं मोठं आणि लहान चाक) नक्की कशाने जातात? दात कमजोर म्हणून, की आणखी कशाने?

खवचट_खोडरबर
मोटर आडवी करा, म्हणजे ९० अंशांचं वळणच नको. प्रश्न संपला, धागा बंद.

आकडेमोड्या
खोडरबर, धागा उघडून चार मिनिटं झाली हो.

आधी बळं किती ते बघू, मग प्रकार ठरवू. १२ टक्के चढावर ९०० किलो गाडी ओढायला उताराचं बळ १०६० न्यूटन, त्यात रोलिंग रेझिस्टन्सचे १३० मिळवा. चाकाची त्रिज्या ०.२ मीटर धरली तर दोन्ही चाकं मिळून २३८ न्यूटन-मीटर. मोटरवर जेमतेम २४, घर्षणाचं धरून २६. सुरुवातीचा झटका, खड्डा, जास्तीचा माल यांचा गुणक यावर वेगळा लागेल. खालचे सगळे आकडे या संथ चढाचेच आहेत.

क्राऊनचा सरासरी व्यास १३० मिमी धरा. दातावर स्पर्शरेषेतलं बळ २३८ भागिले ०.०६५, म्हणजे ३६६० न्यूटन. यापुढचा आकडा लोक काढत नाहीत. दाबकोन (दात एकमेकांना ढकलतात त्या रेषेचा कल) २०, पिनियनचा शंकूकोन १३.७ अंश. स्ट्रेट बेव्हलमध्ये पिनियनवर अक्षीय बळ येतं फक्त ३१५ न्यूटन, आणि तेही गाडी पुढे जावो की मागे, कायम क्राऊनपासून दूर. स्पायरल कोन (दातांचा तिरपेपणा) ३५ अंश केला की पुढे जाताना तेच बळ २८८० होतं. आणि रिव्हर्समध्ये? २१०० न्यूटन, दिशा उलटी! पिनियन क्राऊनमध्ये ओढला जातो.

दोन्ही दिशांना घट्ट धरणारी टेपर रोलर बेअरिंगची जोडी नसेल, तर स्पायरल हा शब्दसुद्धा काढू नका.

नानापेठी
आकडेमोड्यांना +१. बाजारात जोडीने क्राऊन-पिनियन मागायला येणाऱ्यांच्या हातातला जुना पिनियन बघा. दात तुटलेला कमी वेळा दिसतो. दातांच्या कडेला एका टोकाशीच चकाकी, मागच्या बेअरिंगच्या जागेवर निळसर काळा डाग, आणि नटाखालचा वॉशर चेपलेला, हे जास्त. म्हणजे आधी बेअरिंग सैल झालं आणि दात नंतर गेला. पण गिऱ्हाईक पैसे मोजतं दातांचे, बेअरिंग तेच जुनं ठेवतं. मग चार महिन्यांनी 'डुप्लिकेट माल दिला' म्हणून भांडायला हजर.

हडपसरचा_हेलिकल
मग स्ट्रेट बेव्हलच बरा की. थ्रस्ट (अक्षीय बळ) कमी, बेअरिंग लहान.

आकडेमोड्या
नाही. २० अंश दाबकोनाच्या स्ट्रेट बेव्हलमध्ये पिनियनचे १३ दात ही व्यवहारातली खालची हद्द, तीही समोरचं चाक ३० दातांच्या पुढे असेल तर. त्याखाली मुळाशी अंडरकट होतो, दात कंबरेत बारीक होतो. तुम्हाला १० हवेत. १३ घेऊन ४.१ ठेवलंत तर समोर ५३ दात आले, त्याच मॉड्यूलला (दाताचं माप: व्यास भागिले दातांची संख्या) क्राऊन जवळजवळ दोनशे मिमीचा होतो. चाकाचा व्यासच चारशे. गिअरबॉक्सचं घर (हाउसिंग) जमिनीला टेकेल.

तुमच्या १०:४१ ला बाहेरचा व्यास १५३, मॉड्यूल पावणेचारच्या आत, दाताची रुंदी २४ हे जमतं. रुंदी शंकूलांबीच्या (शंकूच्या टोकापासून दाताच्या बाहेरच्या टोकापर्यंतच्या) तिसऱ्या हिश्शाच्या वर नेऊ नका. इथे शंकूलांबी ७९ आहे, म्हणजे २६ ही हद्द. रुंदी वाढवली की ताकद वाढते हा समज स्पर गिअरवरून आलाय. बेव्हलमध्ये दात आतल्या टोकाकडे निमुळता होत जातो. तिथे भार आला की टो-कडचा (आतल्या टोकाचा) कोपरा उडतो.

वेताळटेकडी
स्ट्रेट बेव्हलला आणखी एक खोट. इंजिनच्या गाडीत आवाज दडतो, इलेक्ट्रिकमध्ये दडायला काही नाही. सरळ दात एकदम पूर्ण रुंदीवर भिडतो आणि एकदम सुटतो. मोटर ३००० फेऱ्यांवर असताना तुमचा पिनियन १२३० ला फिरतो, गुणिले १० दात, भागिले ६०. २०५ हर्ट्झ. पत्र्याच्या केबिनला हा सूर फार आवडतो. स्पायरलमध्ये पुढचा दात आधीच धरलेला असतो, त्यामुळे या सुराचा आवाज बराच कमी होतो.

डिफरेन्शियलच्या (वळणावर दोन चाकांना वेगवेगळा वेग देणाऱ्या भागाच्या) आतले चार छोटे बेव्हल मात्र सरळ दातांचेच ठेवा. ते फिरतात फक्त वळणावर, तेही हळू. फोर्जिंगमध्येच दात तयार होऊन येतात, कटिंगचा खर्च नाही.

टेम्पोत_बसलेला
अवांतर: आपल्याकडे 'टेम्पो' हा शब्दच मुळात तीनचाकीवरून आलाय. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची हॅन्सीट, जर्मन टेम्पो कंपनीच्या आराखड्यावरची. इंजिन पुढच्या चाकाजवळ आणि साखळीने पुढचंच चाक चालवायचं. क्राऊन नाही, पिनियन नाही, डिफरेन्शियलही नाही, कारण चालतं चाकच एक! कंपनीने नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स केलं, पण माल अजून टेम्पोतूनच येतो.

खवचट_खोडरबर
बघा, साठ वर्षांपूर्वीच्या लोकांना कळत होतं.

शिमपत्ती
त्या रचनेत माल मागे लादला की चालत्या चाकावरचा भार कमी होतो. ओल्या चढावर पुढचं चाक जागेवर गरगरतं. बेव्हल टाळला, पकड घालवली. असो.

मूळ प्रश्नातल्या तिसऱ्या भागाबद्दल. बेव्हलची जोडी म्हणजे दोन शंकू, आणि दोघांची टोकं हवेत एकाच बिंदूला मिळायला हवीत. स्परमध्ये चाक अर्धा मिमी बाजूला सरकलं तर फक्त रुंदी थोडी वाया जाते. इथे ०.१ मिमी सरकलं तरी दात भलत्या जागी भिडतो. म्हणून जोडणी हाच निम्मा गिअरबॉक्स.

क्रम असा:

१. पिनियनवर आणि क्राऊनवर कोरलेला जोडीचा नंबर जुळतो का बघा. कडक केल्यावर दोघं एकमेकांवर लॅप केलेले (घासून जुळवलेले) असतात. एक बदलला तर दुसराही बदलायचा, यात सवलत नाही.

२. पिनियनच्या डोक्याकडच्या बेअरिंगची शिम (जागा जुळवणारी पातळ चकती) ठरवा. जुनी शिम मोजून तेवढीच टाकणं ही फक्त सुरुवात. नव्या पिनियनवर अधिक-उणे आकडा कोरलेला असेल तर तेवढा फरक धरा. चिन्हाचा अर्थ प्रत्येक उत्पादकाचा वेगळा असतो, पत्रक बघा.

३. पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगला आधीच दिलेला ताण). फ्लँजला दोरी गुंडाळा, स्प्रिंगचा काटा लावून सावकाश ओढा. फिरायला लागताना जो झटका बसतो तो मोजायचा नाही, सलग फिरतानाचा आकडा घ्यायचा. फ्लँजची त्रिज्या ४० मिमी आणि काटा अडीच किलो दाखवत असेल तर टॉर्क ०.९८ न्यूटन-मीटर. हे ऑइल सील न लावता करा, नाहीतर सीलचं घर्षण प्रीलोड म्हणून मोजाल.

४. चेपणारा स्पेसर असेल आणि नट जास्त आवळला गेला, तर नट मागे फिरवून आकडा जुळवू नका. स्पेसर एकदा चेपला की परत उसळत नाही. नट सैल, बेअरिंग सैल. नवा स्पेसर टाका.

५. मग क्राऊन. डायल गेज दाताच्या हील-कडच्या (बाहेरच्या) टोकाला, दाताला काटकोनात. या मापाच्या जोडीला बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) ०.१० ते ०.१५ मिमी. चार ठिकाणी बघा. चारही ठिकाणचे आकडे ०.०५ पेक्षा जास्त वेगळे आले तर क्राऊन बसलेला चेहरा वाकडा आहे किंवा बोल्टखाली बुर आहे.

६. शेवटी ब्ल्यू, म्हणजे निळा रंग लावून दातांचा ठसा बघणं. त्यावर पुढच्या प्रतिसादात लिहितो, जेवायची वेळ झाली.

रिक्षास्टँड
जेवून या, पण या. ब्ल्यूवरच सगळे अडकतात.

भट्टीवाला
तोवर धातूचं सांगतो. २० एमएन सीआर ५ किंवा ८६२०, दोन्ही पोलादं चालतात. भार वाढला तर ईएन ३५३. पृष्ठभाग ५८ ते ६२ रॉकवेल सी, गाभा ३० ते ४०, पावणेचार मॉड्यूलला केसची (वरच्या कडक थराची) खोली ०.८ ते १.० मिमी. गाभाही कडक केला तर दात ठिसूळ होतो. गाभा मऊ राहिला तर केस अंड्याच्या कवचासारखी आत दबते आणि पापुद्रे सुटतात.

खरी गोम क्राऊनची. ती पातळ कडी. भट्टीतून काढून तशीच तेलात टाकली की बशीसारखी वळते. मोठे कारखाने प्रेस-क्वेंच करतात, म्हणजे साच्यात दाबून धरूनच तेल सोडतात. भोसरीत लहान लॉट करून घेणार असाल तर ऑर्डर देताना विचारा: क्राऊन प्रेसमध्ये थंड होणार की टोपलीत? टोपलीतल्या क्राऊनचा वाकडेपणा लॅपिंगने काढायला गेलात तर जिथे जास्त घासलं तिथली केस पातळ होते.

शिमपत्ती
आलो. ब्ल्यू.

क्राऊनचे चार-पाच दात पेट्रोलने पुसून कोरडे करा. प्रशियन ब्ल्यूचा अगदी पातळ थर द्या. नसेल तर शेंदूर तेलात कालवून, फिरणीसारखा दाट. शेंदूर शिशाचा असतो, हात धुवा. दुसऱ्या हाताने क्राऊनला लाकडी दांडक्याने ब्रेक लावत पिनियन दोन्ही दिशांना फिरवा. ब्रेक न लावता फिरवलंत तर ठसा खोटा येतो.

ठसा दाताच्या माथ्याकडे आला तर पिनियन आत (क्राऊनकडे) घ्या, मुळाकडे आला तर बाहेर. टो-कडे सगळा आला तर क्राऊन दूर सरकवा, हील-कडे आला तर जवळ. पण पुढच्या बाजूचा ठसा हील-कडे आणि मागच्या बाजूचा टो-कडे, असा उलटसुलट पळाला असेल तर क्राऊनला हात लावू नका. दोष पिनियनच्या शिममध्ये आहे. पिनियन हलवला की बॅकलॅश बदलतो, म्हणून पायरी ५ परत. दोन-तीन फेऱ्या होणारच.

आणि ठसा बरोबर मधोमध आणायचा नाही. मधापासून थोडा टो-कडे ठेवा. भार आला की घर आणि शाफ्ट लवतात आणि ठसा हील-कडे सरकतो.

हडपसरचा_हेलिकल
हे सोनं आहे. एक शंका: रिव्हर्स मोटर उलटी फिरवूनच आहे आणि उतारावर रिजनही (मोटरनेच ब्रेक लावून वीज परत घेणं) आहे. म्हणजे दाताची मागची बाजूही कामाला?

वेताळटेकडी
अगदी. डिझेल तीनचाकीत मागची बाजू फक्त इंजिन-ब्रेकिंग आणि रिव्हर्सची थोडी मिनिटं सोसते. म्हणून जुने आराखडे पुढच्या बाजूचा ठसा चोख ठेवतात आणि मागचा कसाही चालवून घेतात. तुमच्याकडे दिवेघाट उतरताना रिजन सतत मागच्या बाजूने दाबणार, त्याच वेळी पिनियन आत ओढला जाणार. माल भरून मागे रॅम्प चढवला तर तीच दिशा, पूर्ण टॉर्क. दोन्ही बाजूंचे ठसे ड्रॉइंगवर मागा. आणि रिजन एकदम न लावता हळूहळू वाढवायला कंट्रोलरवाल्याला सांगा. बॅकलॅश ओलांडताना बसणारा ठोका हा फुकटचा भार असतो.

मोटरच्या स्प्लाइनचंही (शाफ्टच्या टोकाच्या लांबट खाचांचंही) बघा. इलेक्ट्रिक तीनचाक्यांत क्राऊनच्या आधी मोटर-शाफ्टची स्प्लाइनच झिजू शकते. कोरडी असते, पुढे-मागे टॉर्क बदलत राहतो, आणि लाल तांबूस पूड पडते. ग्रीस किंवा तेलाची वाट, आणि केंद्र धरायला दातांशिवाय गुळगुळीत पट्टा, या दोन गोष्टी द्या.

नानापेठी
हायपॉइडचं राहिलं. हायपॉइडमध्ये पिनियन क्राऊनच्या मधल्या रेषेच्या खाली किंवा वर असतो. पिनियन जाड मिळतो, आवाज आणखी कमी. पण दात एकमेकांवर लांबीत घसटत चालतात, म्हणून जीएल-५ (जास्त दाब सोसणारं) तेल सक्तीचं. तीनचाकीच्या बाबतीत इथेच पाल चुकचुकते. टॉप-अप करणारा हाताला लागेल तो डबा ओततो. स्पायरल जीएल-४ वरही निभावतो, हायपॉइड नाही. शिवाय पिनियन खाली घेतलात तर आधीच नसलेला ग्राउंड क्लिअरन्स आणखी खाता, वर घेतलात तर बॅटरीचा ट्रे. माझं मत: तीनचाकीला हायपॉइड नको.

उलटी चूकही होते. ज्या पेट्रोल-सीएनजी रिक्षांत इंजिन, ओला क्लच आणि गिअर एकाच तेलात असतात, तिथे कुणी 'गिअरसाठी चांगलं' म्हणून ईपी ९० गिअर ऑइल ओतलं की क्लच घसरलाच.

रिक्षास्टँड
स्पायरल असो की काही असो, पावसाळ्याचा विचार करा. गरम झालेला गिअरबॉक्स साचलेल्या पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि पाणी ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या भोकातून) आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी प्लग काढला तर तेल ताकासारखं. बेअरिंगचे रोलर पंधरा दिवसांत खरवडतात. ब्रीदरला नळी लावून ती सीटच्या उंचीपर्यंत न्यायची, तोंड खाली वळवायचं. पन्नास रुपयांचं काम.

उलट ब्रीदर चिखलाने किंवा रंगाने बुजला तर आतला दाब ऑइल सीलमधून तेल बाहेर ढकलतो. मग लोक सीलवर सील बदलत बसतात.

खवचट_खोडरबर
आवाजावरून दोष ओळखायचं कुणीतरी लिहा. 'गाडीतून घूं येतंय' एवढ्यावर लोक अख्खा बॉक्स उतरवतात.

शिमपत्ती
खोडरबर, पहिल्यांदाच कामाचं बोललात.

वेगाबरोबर सूर चढणारी घूं, फक्त ताण दिल्यावर: ठसा चुकलाय किंवा दात झिजलाय. तीच घूं फक्त सोडल्यावर: पिनियनचं बेअरिंग सैल, नट बघा. ताण असो-नसो, कायम घरघर: क्राऊनच्या बाजूची बेअरिंग. फक्त वळणावर कट्-कट्: आधी ड्राइव्ह शाफ्टचे जोड, मग डिफरेन्शियल. गिअर टाकताना किंवा पुढून मागे जाताना एकच 'ठक्': बॅकलॅश, नाहीतर क्रॉस-पिन (डिफरेन्शियलचे छोटे बेव्हल जिच्यावर फिरतात ती आडवी पिन).

क्रॉस-पिनवर थांबा जरा. दोन चाकं जॅकवर उचला, एक फिरवा, दुसरं उलटं फिरायला हवं. अडत अडत फिरलं तर प्लॅनेट (पिनवरचा छोटा बेव्हल) पिनवर चिकटायला लागलाय. हे घडतं एक चाक चिखलात गरगरवल्याने. एरवी वळणापुरते फिरणारे प्लॅनेट तेव्हा जोरात फिरतात आणि पिनवरचं तेल संपतं. पिनला सपाट खाचा किंवा प्लॅनेटच्या भोकात तेलाची चर हवीच. पिन अडवणारी स्प्रिंग-पिन दर वेळी नवी. ती तुटली की क्रॉस-पिन बाहेर सरकते आणि घराला आतून भोक पाडते.

आकडेमोड्या
त्याचाही आकडा देतो. तेच २३८ न्यूटन-मीटर, दोन प्लॅनेट, दातांची सरासरी त्रिज्या २० मिमी. पिनच्या प्रत्येक टोकावर ५९५० न्यूटन. क्राऊनच्या दातावर ३६६० आणि बोटभर पिनवर सहा हजार! तरी चर्चा सगळी क्राऊनची.

भट्टीवाला
अॅल्युमिनियमच्या घराबद्दल कुणीच बोललं नाही. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. क्राऊनच्या दोन बेअरिंगमध्ये १२० मिमी अंतर असेल आणि बॉक्स ६० अंशांनी तापला, तर घर पोलादापेक्षा सुमारे ०.०८ मिमी जास्त लांबतं. क्राऊनच्या बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगा बाहेरून धरलेल्या असतात, म्हणजे प्रीलोड उतरतो. थंड असताना ०.१२ ठेवलेला बॅकलॅश घाटाच्या माथ्यावर ०.१२ नसतो. पिनियनकडे उलटं: रिंगांचे खांदे मधल्या बाजूला असतात, ते लांबतात तसं लांबीत घट्ट होतं, पण बोअर फुगल्यामुळे रिंग मात्र सैल होऊन फिरू लागते. नानापेठींनी सांगितलेला निळसर डाग बहुतेक यातूनच.

म्हणून क्राऊनच्या बाजूला थंडपणी प्रीलोड थोडा जास्त, आणि पिनियनची दोन्ही बेअरिंगं वेगळ्या ओतीव लोखंडी डब्यात बसवून तो डबा अॅल्युमिनियमच्या घरात. वजन अर्धा-पाऊण किलो वाढेल. शिम डब्याच्या फ्लँजखाली घातली की बेअरिंग न उपटता पिनियन आत-बाहेर करता येतो, हा वरचा फायदा.

हडपसरचा_हेलिकल
मग नक्की करतोय ते असं: स्पायरल १०:४१, कोन ३५, दोन्ही बाजूंचे ठसे ड्रॉइंगवर, पिनियन लोखंडी डब्यात टेपर रोलरच्या जोडीवर, ब्रीदरची नळी वर, स्प्लाइनला तेलाची वाट, ड्रेन प्लगला चुंबक. क्रॉस-पिन परत मोजतो. टायर ४.५०-१० करता येतील का तेही बघतो, क्लिअरन्ससाठी.

आकडेमोड्या
टायर बदललात तर त्रिज्या ०.२३ च्या पुढे जाते. २३८ चे २७५ झाले. वरचे सगळे आकडे त्याच प्रमाणात वाढवा, पिनचा आधी.

नानापेठी
चुंबकावर करडा लोण्यासारखा थर आला तर पुसून परत लावा. नखात अडकेल असा कपचा आला तर गाडी पुढे ढकलू नका.

खवचट_खोडरबर
आडवी मोटर असती तर आत्तापर्यंत गाडी रस्त्यावर असती.

शिमपत्ती
आडव्या मोटरच्या बॉक्समध्येही डिफरेन्शियलचे चार बेव्हल आणि ती सहा हजार न्यूटनची पिन असतेच, खोडरबर.